सायकल अडते ती बांधावर

शहरात सायकल वाढवायची असं ठरलं की पहिली नजर जाते ती सगळ्यात रुंद रस्त्याकडे. त्याच्या कडेला दीड-दोन मीटरचा हिरवा पट्टा मारायचा, पट्ट्यावर सायकलचं चित्र काढायचं, उद्घाटनाला पदाधिकारी आणि शाळकरी पोरं बोलवायची. २०२० साली केंद्राच्या गृहनिर्माण आणि नागरी व्यवहार मंत्रालयाने सायकलसाठी शहरांची स्पर्धा लावली, तेव्हा देशभर हेच झालं. आपलं छत्रपती संभाजीनगर, म्हणजे तेव्हाचं औरंगाबाद, त्या स्पर्धेत होतं. असल्या पट्ट्यावर वर्षभरात काय उभं राहतं हे मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. चारचाक्या, भेळेचा गाडा, समोरच्या बांधकामाची खडी. मग महापालिकेच्या सभेत कुणीतरी उठून म्हणतं की पट्टा देऊन पाहिला, लोकांनाच सायकल नको आहे.

हा निष्कर्ष घाईचा आहे. सायकल काढायची की दुचाकीला किक मारायची, हे माणूस जालना रोडसारख्या हमरस्त्यावर ठरवत नाही. ते घरातून निघाल्यावरच्या पहिल्या पाचशे मीटरमध्ये ठरतं. गल्लीचं तोंड कुठे उघडतं, पलीकडच्या वसाहतीत थेट जाता येतं का, रूळ कुठे ओलांडायचे, दुभाजकात फट कुठे आहे, यावर ते ठरतं. थोडक्यात रस्त्यांचं जाळं कसं विणलं आहे यावर. जाळं तुटकं असेल तर पट्टा कितीही चकचकीत असो, तो रिकामाच राहणार. आपल्या शहरांनी पट्ट्यांवरचा पैसा निदान पाच वर्षं थांबवावा आणि तुटलेल्या वाटा जोडण्यावर लावावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

याचं कारण आधी शरीराच्या हिशोबात पाहू. साधी सायकल आणि वर बसलेला माणूस मिळून ८५ किलो धरा. सपाट डांबरी रस्त्यावर ताशी १५ किलोमीटरने चालताना टायरचं घर्षण आणि समोरची हवा मिळून साधारण १३ न्यूटनचा विरोध असतो. या वेगातली गतिज ऊर्जा सुमारे ७४० ज्यूल. म्हणजे ब्रेक दाबून थांबलं आणि पुन्हा तोच वेग घेतला की सपाटीवर ५५-६० मीटर सायकल हाणण्याइतकी ताकद वाया गेली. एक किलोमीटरमध्ये आठ वेळा थांबावं लागलं तर तो किलोमीटर पायांना जवळजवळ दीड किलोमीटर वाटतो. चढाचा हिशोब याहून कडक आहे. रुळांवरचा उड्डाणपूल आठ मीटर चढवायचा तर साडेसहा हजार ज्यूलहून जास्त लागतात, म्हणजे सपाटीवरचा अर्धा किलोमीटर. उतारावर त्यातलं थोडं परत मिळतं, पण पुलाच्या पायथ्याला सिग्नल किंवा गर्दीचा चौक असला की तेही ब्रेकच्या रबरात जिरतं.

वळशाचंही तसंच. दोन ठिकाणांमधलं प्रत्यक्ष तुडवावं लागणारं अंतर आणि सरळ अंतर यांचं गुणोत्तर काढलं की जाळ्याची प्रत कळते. चौकटीच्या, म्हणजे काटकोनात छेदणाऱ्या रस्त्यांच्या आखणीत ते सरासरी १.२७ येतं आणि कितीही वाईट स्थितीत १.४१ च्या पुढे जात नाही. बंद गल्ल्यांच्या वस्तीत ते सहज १.८-१.९ होतं. तीन किलोमीटरवरच्या कॉलेजला १.३ च्या जाळ्यातून जायला सायकलला सोळा मिनिटं लागतात, १.९ च्या जाळ्यातून तेवीस. दुचाकीवाल्याला हाच वळसा चारेक मिनिटांना पडतो, आणि त्याचा घाम निघत नाही. तुटक्या जाळ्याचा दंड इंजिनवाल्याला पेट्रोलच्या थेंबात बसतो, सायकलवाल्याला पोटऱ्यांत बसतो. म्हणूनच तो सायकल सोडतो.

आता आपलं जाळं असं का झालं? याचं उत्तर नगररचना विभागाच्या नकाशात कमी आणि भूमी अभिलेखच्या गटनकाशात जास्त सापडतं. मराठवाड्यातली शहरं गेल्या चाळीस वर्षांत शेतावर वाढली, आणि एका वेळी एका गटावर वाढली. चार एकरांचा गट एन.ए. (बिगरशेती) झाला, मालकाने मधून एक रस्ता काढून दोन्ही बाजूंना प्लॉट पाडले, रस्ता बांधापर्यंत नेऊन सोडला. शेजारच्या गटाचा ले-आउट सहा वर्षांनी पडला. त्याचा रस्ता दहा मीटर सरकवून घातला, कारण तसा घातला की दोन प्लॉट जास्त बसत होते. मध्ये जो बांध होता तिथे भिंत आली. गुंठेवारीत, म्हणजे शेत गुंठ्या-गुंठ्याने विकून झालेल्या वस्तीत, तर ले-आउट हाच प्रकार नाही. विकणाऱ्याने वाट सोडली तेवढी सोडली. २००१ च्या कायद्याने गुंठेवारी नियमित करायची सोय झाली, पण ती घरांची झाली. रस्ते आहेत तिथेच आहेत. परिणामी भांडलेल्या नवरा-बायकोसारख्या एकमेकींकडे पाठ करून बसलेल्या शेजारी शेजारी वसाहती. भिंतीपलीकडची शाळा साठ मीटरवर दिसते, घंटा ऐकू येते, आणि तिथे जायला मुख्य रस्त्यावर जाऊन किलोमीटरभर फिरावं लागतं. मूळ बांधाला निदान पायवाट होती.

संभाजीनगरमध्ये तीन वेगळ्या काळांची तीन जाळी शेजारी शेजारी पाहायला मिळतात. मलिक अंबरने १६१० मध्ये वसवलेल्या खडकीचं, म्हणजे जुन्या शहराचं जाळं बारीक आहे. गल्ल्या तीन-चार मीटरच्या, वाकड्या, पण एकमेकींत उघडणाऱ्या. गुलमंडी, सिटी चौक, पैठण गेटच्या मागच्या बोळांतून माहीतगार माणूस मुख्य रस्त्याला न लागता अर्धं शहर पार करतो. सिडकोची नवी वसाहत सत्तरच्या दशकापासून एका हाताने आखली गेली. एन-सेक्टरांच्या आतले रस्ते एकमेकांना मिळतात, मध्ये शाळा आणि मैदानं येतात. आतल्या आत सायकल चालवायला ही दोन्ही जाळी चांगली आहेत. तिसरं जाळं सातारा-देवळाई, हर्सूल, पडेगाव, मिटमिटा या बाजूंनी पसरलेलं, गटागटाने वाढलेलं. तिथे घर ते दूध डेअरी हा प्रवाससुद्धा मोठ्या रस्त्यावरून होतो.

पण पहिली दोन जाळी चांगली असूनही तिथे सायकल का दिसत नाही? कारण शहरातली जाळी एकमेकांपासून तोडलेली आहेत. तोडणाऱ्या गोष्टी दोन. एक जालना रोड आणि दुसरी रेल्वे. जालना रोड शहराला पूर्व-पश्चिम चिरत जातो, त्याच्या मधोमध दुभाजक, मोठ्या चौकांत उड्डाणपूल. अपघात झाला की मागणी येते, फट बंद करा. फट बंद होते, आणि पुढच्या फटीवरची गर्दी वाढते. दुभाजकाच्या फटी ७०० मीटरवर आहेत असं धरा, आणि सायकलवाल्याचं घर एका फटीपासून १०० मीटरवर. समोरच्या बाजूच्या दुकानात जायचं तर नियमाप्रमाणे डावीकडून ६०० मीटर पुढे, वळून ६०० मीटर मागे, एकूण १,२०० मीटर. राँग साइडने गेलं तर २००. राँग साइडचं प्रमाण आपल्याकडे जास्त आहे याचं खापर लोकांच्या शिस्तीवर फोडणं सोपं आहे, मात्र त्यातला बराच मोठा भाग दुभाजकाच्या नकाशाने तयार केलेला आहे. दर २०० ते २५० मीटरवर दुभाजकात पायी आणि सायकलसाठी दोन मीटरची फट, तिथे रस्त्याच्या पातळीपेक्षा १० सेंटिमीटर उंच टेबल, म्हणजे वरून सपाट आणि दोन्हीकडे उतार असलेला रुंद उंचवटा, आणि दुभाजक निदान अडीच मीटर रुंद, म्हणजे १.८ मीटर लांबीची सायकल मध्ये आडवी उभी राहू शकेल. एवढं केलं तर राँग साइडचा निम्मा मोह संपतो. टेबलाशिवाय फट मात्र देऊ नये. ती खरोखर जीवघेणी ठरते, कारण ५०-६० च्या वेगाने येणारी गाडी तिथे थांबायचा प्रश्नच नसतो.

लातूरची रचना वेगळी आणि अभ्यासण्यासारखी आहे. गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. बाजारपेठ म्हणून ही आखणी देखणी आहे. चहूकडच्या गावांतून माल आला की थेट मध्यात. सायकलला मात्र चाकाच्या आऱ्यांचं जाळं एका बाबतीत नडतं. केंद्रापासून दोन किलोमीटरवर, ६० अंशांच्या फरकाने असलेल्या दोन रस्त्यांवर घर आणि क्लास आहे असं समजा. सरळ अंतर दोन किलोमीटर, गोलाईतून गेलं तर चार. मधल्या आडव्या वाटा असतील तर हा फरक मिटतो, नसतील तर सगळ्या शहराची ये-जा मध्यात कोंबली जाते. लातूरला हे जास्त लागतं, कारण 'लातूर पॅटर्न'मुळे बाहेरगावाहून आलेली हजारो पोरं-पोरी खोली, मेस, कॉलेज आणि क्लास अशा चार ठिकाणी दिवसभर फिरतात आणि त्यांतली पुष्कळ सायकलवर असतात. औसा रोड, बार्शी रोड, अंबाजोगाई रोड, नांदेड रोड हे चारही रस्ते रुंद करून त्यांचा प्रश्न सुटत नाही. त्यांना हवं आहे ते औसा रोडच्या मागून बार्शी रोडच्या मागे जाणारं कडं. लातूरकडे याचा एक तयार नमुनाही आहे. जुनी अरुंद मापाची बार्शी लाइट रेल्वे शहरातून जात होती. ती गेली आणि 'जुनी रेल्वे लाइन' हा आज पत्ता झाला. रेल्वेची जागा सलग असते, सपाट असते, तिला काटकोनी वळणं नसतात. सायकलला याहून चांगली जमीन आयती मिळत नाही.

बाहेरच्या उदाहरणांपैकी मला तीनच कामाची वाटतात, आणि त्यांतलं एक फसलेलं आहे. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट शहराने १९८० च्या दशकात पूर्ण शहराचं सायकलजाळं तीन जाडींत आखलं: शहरभर जाणाऱ्या वाटा दर ४०० ते ६०० मीटरवर, विभागातल्या २०० ते ३०० मीटरवर, आणि मोहल्ल्यातल्या १०० ते १५० मीटरवर. मग तुटलेले सांधे शोधून पूल आणि भुयारं घातली. सायकलचा वाटा ४० टक्क्यांवरून ४३ झाला. ही वाढ थोडी दिसते, पण ज्या गावात आधीच दहातले चार प्रवास सायकलवर होते तिथली आहे. आपल्याला त्यातून घ्यायचं ते माप: मोहल्ल्यात शंभर-दीडशे मीटरवर वाट हवी.

फसलेलं उदाहरण इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सचं. १९६७ पासून वसवलेल्या या नव्या शहरात गाड्यांपासून पूर्ण वेगळ्या सायकलवाटा आहेत, शेकडो किलोमीटर. तरी तिथले लोक गाडीनेच फिरतात. कारण गाड्यांसाठी साधारण किलोमीटरभर अंतराच्या चौकटीचे मोकळे वेगवान रस्ते, आणि सायकलची वाट झाडांतून वळत, भुयारात उतरत, पुन्हा चढत जाणारी. सायकलला वाट दिली, पण गाडीची वाट तिच्याहून सरळ ठेवली. याच्या बरोबर उलट नेदरलँड्समधल्याच ग्रोनिंगेन शहराने १९७७ मध्ये केलं. शहराच्या मध्याचे चार भाग पाडले आणि गाडीला एका भागातून दुसऱ्या भागात थेट जायला बंदी केली. गाडीने बाहेरच्या रिंगरोडवर जाऊन यायचं, सायकलने सरळ जायचं. खर्च फारसा नव्हता, कुंड्या, खांब आणि पाट्या. व्यापारी चिडले होते. आज त्या शहरात निम्म्याहून जास्त प्रवास सायकलने होतात.

हे इथे चालेल का, असं विचारलं की लगेच उत्तर येतं की आपल्याकडे दुचाकी आहे. आक्षेप खरा आहे, आणि सायकलवर लिहिणारे बहुतेक लोक त्याला बगल देतात. युरोपात गल्लीच्या तोंडाशी दीड मीटरच्या अंतराने खांब लावला की गाडी अडते आणि सायकल जाते. आपल्याकडे त्याच फटीतून स्कूटी, बुलेट आणि गॅस सिलिंडर लादलेली मोपेड सुसाट निघते. मग कुणीतरी नागमोडी लोखंडी अडथळा बसवतं. त्यातून दुचाकी थोडी तिरकी करून जातेच. अडकते ती दुधाच्या कॅनवाली सायकल, अपंगांची तीनचाकी, बाळाची गाडी आणि हातगाडी. म्हणजे ज्यांच्यासाठी वाट केली तेच बाहेर.

माझा कौल असा आहे की मोहल्ल्यातल्या जोडवाटांवर दुचाकी अडवायच्या भानगडीत पडू नये. तिचा वेग मोडावा. चारचाकी, रिक्षा आणि टेम्पो अडले की वाटेतली नव्वद टक्के धास्ती जाते. उरलेल्या दुचाकीसाठी वाटेच्या दोन्ही तोंडांना काटकोनी वळण आणि १० सेंटिमीटर उंच, मीटरभर उताराचं टेबल ठेवावं. २० च्या वेगाने येणारी दुचाकी शाळकरी मुलाच्या सायकलबरोबर नांदू शकते, ४५ च्या वेगाने येणारी नाही. टेबल आणि आपल्या गल्लीबोळातला 'ब्रेकर' यांत फरक आहे, तो गुत्तेदाराला लिहून द्यावा लागतो. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मापाप्रमाणे गोल ब्रेकर ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच, १७ मीटर त्रिज्येचा. प्रत्यक्षात उरलेल्या डांबराचा ४० सेंटिमीटर रुंद आणि वीतभर उंच ढिगारा टाकतात. त्यावर मोटारसायकलचा शॉक-अ‍ॅब्झॉर्बर बसका खातो, सायकलला तर शॉक-अ‍ॅब्झॉर्बरच नसतो; चाकाची रिम वाकते, कॅरियरवरचं दप्तर उडतं. सायकलवाला मग ब्रेकरच्या कडेच्या नालीजवळून जातो, आणि तिथे जाळीचे गज चाकाच्या दिशेने बसवलेले असतात. गज आडवे हवेत, फट दोन सेंटिमीटरच्या आत.

आता जोडवाटेचा खर्च. दोन बंद गल्ल्यांमध्ये चाळीस मीटरचं अंतर असेल आणि वाट अडीच मीटर रुंद ठेवली, तर जागा लागते १०० चौरस मीटर. म्हणजे एक गुंठा. एवढ्या जागेवर १० सेंटिमीटर काँक्रीट घालायला १० घनमीटर माल, मिक्सरच्या दोन फेऱ्या. खाली काळी माती असेल, आणि ती बहुतेक ठिकाणी आहेच, तर काँक्रीट सरळ तिच्यावर टाकू नये. पावसाळ्यात ही माती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि दुसऱ्या वर्षी स्लॅबच्या मधोमध तडा जातो. वीस-पंचवीस सेंटिमीटर माती काढून तिथे मुरूम थराथराने दाबायचा, मग खडी, मग काँक्रीट, आणि दर चार मीटरला सांधा कापायचा. पेव्हर ब्लॉक दिसायला बरे, पण काळ्या मातीवर दोन पावसाळ्यांत लाटा येतात. दोन्ही बाजूंच्या भिंती १.२ मीटरपेक्षा उंच नकोत. वाट एका तोंडातून दुसऱ्या तोंडापर्यंत दिसली पाहिजे. मध्यात एक दिवा, दोन्ही तोंडांना एकेक.

कुठली वाट आधी जोडायची हे ठरवायला सल्लागार कंपनी नेमायची गरज नाही. भिंतींना पडलेली भगदाडं बघावीत. जिथे कंपाउंडच्या चार विटा काढून लोक आत-बाहेर करतात, जिथे तारेचं कुंपण वाकवलेलं आहे, जिथे मोकळ्या प्लॉटमधून तिरकी पायवाट पडली आहे, तिथे मागणी सिद्ध झालेली आहे. त्यावर गटनकाशा आणि उपग्रहचित्र एकावर एक ठेवून बंद टोकं मोजावीत. जोडल्याने ज्या फेऱ्यात तीनशे मीटरहून जास्त वाचतात आणि शाळा, दवाखाना किंवा बसथांबा ज्यांच्या पलीकडे आहे, त्या वाटा पहिल्या यादीत.

जागेचं काय? जुन्या वसाहतींत ती वाटाघाटीनेच मिळेल, आणि कधी मिळणारही नाही. पण नव्या ले-आउटमध्ये ही चूक आजही चालू आहे, ती तरी थांबवता येते. एक एकराच्या वरच्या ले-आउटला दहा टक्के खुली जागा सोडावी लागते. मालक ती कोपऱ्यात, जिथे प्लॉट नीट बसत नाही तिथे सोडतो. मंजुरी देताना नगररचनाकाराने एकच अट घालावी: खुली जागा शेजारच्या गटाच्या बांधाला लागून, आणि तिच्यातून बांधापर्यंत अडीच मीटरची वाट. शेजारचा ले-आउट पडेल तेव्हा त्याची खुली जागा या जागेला भिडवायची. दोन्ही बागा मिळून एक मोठी बाग होते आणि वाट आपोआप जुळते. मालकाचा एकही प्लॉट कमी होत नाही. गुंठेवारी नियमित करतानाही हीच संधी असते, पण तेव्हा सगळ्यांचं लक्ष शुल्काच्या आकड्यावर असतं.

विरोध सगळ्यात जास्त रहिवाशांकडून येईल. "वाट उघडली की चोऱ्या वाढतील", "पलीकडची पोरं इकडून हिंडतील". या दुसऱ्या वाक्यात बऱ्याचदा जात आणि धर्म दडलेला असतो आणि तो मान्य केल्याशिवाय चर्चा पुढे जात नाही. पहिल्या वाक्याला व्यवहारी उत्तर आहे: वाट आखूड, सरळ, उजेडाची आणि दोन घरांच्या खिडक्यांसमोरची असली की ती सामसूम राहत नाही. वळणाची, उंच भिंतींची, दिवा नसलेली वाट मात्र खरंच धोक्याची. तशी काढण्यापेक्षा न काढलेली बरी. मुलींनी ती टाळली तर वाट असून नसल्यासारखी.

रुळांचं प्रकरण थोडं वेगळं. मनमाड-सिकंदराबाद मार्गाने संभाजीनगर, जालना, परभणी, नांदेड ही सगळी शहरं मधोमध कापली आहेत. फाटक बंद करून उड्डाणपूल बांधणं हे सुरक्षिततेच्या दृष्टीने योग्यच, पण फाटकातून सपाटीवर जाणाऱ्या सायकलला त्यात आठ मीटरचा चढ आणि दोन्हीकडून लांब वळसा मिळतो. भुयारी मार्ग सायकलला कितीतरी बरा, कारण आधी उतार येतो आणि त्याच वेगात अर्धा चढ निघतो. शिवाय सायकलला डोक्यावर अडीच मीटर जागा पुरते. आपल्याकडे रेल्वेचे कमी उंचीचे भुयारी मार्ग पावसाळ्यात तळी होतात, हे खेड्यापाड्यांतही माहीत आहे. तळ शेजारच्या नाल्यापेक्षा खाली गेलेला असतो आणि पंप विजेवर अवलंबून. यावर साधा इलाज आहे. भुयारात गाड्यांची पातळी खाली असते तिथे बाजूला सायकल आणि पायी माणसांसाठी मीटर-सव्वा मीटर उंच कट्टा ठेवायचा. त्यांना कमी उंची लागते, म्हणून छत अडत नाही. चढ तेवढा कमी होतो आणि खाली गुडघाभर पाणी असतानाही कट्टा कोरडा. हे नकाशातच घालावं लागतं, नंतर जमत नाही.

नद्यांना तर याहून स्वस्त सोय आहे. संभाजीनगरची खाम, जालन्याची कुंडलिका, बीडची बिंदुसरा वर्षातले बरेच महिने ओढ्याएवढी वाहते. मोठ्या पुलांच्या मध्ये तीन मीटरचे फरशी पूल टाकले तर दोन्ही काठांच्या गल्ल्या जुळतात. पुराचे मोजके दिवस साखळी लावून बंद ठेवायचे. नांदेडला गोदावरीवर हे चालणार नाही. तिथे नदीपलीकडच्या सिडको-हडकोला शहराशी जोडायला सध्याच्या पुलांनाच बाजूने दोन मीटरची पट्टी द्यावी लागेल. संभाजीनगरच्या जुन्या ऐतिहासिक दरवाजांचाही इथे उपयोग आहे. जिथे शेजारून पर्यायी रस्ता किंवा पूल झाला आहे, तिथे दरवाजाची कमान फक्त पायी आणि सायकलसाठी ठेवावी. कमानीचा दगडही वाचेल.

उन्हाचा मुद्दा काढल्याशिवाय मराठवाड्यात सायकलची चर्चा पुरी होत नाही. एप्रिल-मेमध्ये ४०-४२ अंशांत कोण सायकल चालवणार? दुपारी एकला कुणी चालवू नये. पण शाळा, क्लास, कारखान्याची पहिली पाळी सकाळी असते. आपल्या अक्षांशावर मे महिन्यात सूर्य दुपारी जवळजवळ डोक्यावर येतो आणि दिवसभर पूर्व-पश्चिम फिरतो. म्हणून पूर्व-पश्चिम गल्लीला सावली मिळतच नाही, तर दक्षिणोत्तर अरुंद गल्लीला सकाळी नऊला आणि संध्याकाळी पाचला अर्ध्याहून अधिक रुंदीत घरांचीच सावली असते. सायकलवाटा निवडताना हे बघावं. साठ मीटरच्या रिंगरोडवर झाड लावून सावली येईपर्यंत दहा वर्षं जातात.

शहराच्या वेशीबाहेर हा प्रश्न जास्त गंभीर आहे. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरजू मुलींना सायकल मिळते. २०२२ मध्ये त्याची रक्कम साडेतीन हजारांवरून पाच हजार झाली. योजना चांगली आहे. पण त्याच काळात तुळजापूर-लातूर-नांदेड आणि सोलापूर-बीड-संभाजीनगर हे महामार्ग चौपदरी झाले. गाव एका बाजूला आणि शाळा दुसऱ्या बाजूला असेल तर मुलीला कोसभर जाऊन भुयारी मार्ग शोधायचा किंवा सायकल उचलून दुभाजक ओलांडायचा. सरकारच्या एका खात्याने सायकल दिली, दुसऱ्याने वाट काढून घेतली.

गावनकाशावर वाटांची नोंद असते. गाडीमार्ग तुटक दुहेरी रेषेने दाखवलेला, साडेसोळा ते एकवीस फूट. पायमार्ग तुटक एकेरी रेषेने, सव्वाआठ फूट. सव्वाआठ फूट म्हणजे अडीच मीटर, वर सांगितलेल्या जोडवाटेचं बरोबर माप. शिवरस्ते, पाणंद, पायमार्ग ही जमीन सरकारी नोंदीत अजून वाट म्हणूनच आहे. गाव शहरात आलं, गट एन.ए. झाला, की विकास आराखड्यात ही तुटक रेषा गळते आणि तिच्यावर कुणाचा तरी कंपाउंड चढतो. आराखड्याची सुधारणा निघेल तेव्हा हरकती-सूचनांच्या मुदतीत प्रत्येक नव्याने आलेल्या गावाचा जुना नकाशा शेजारी ठेवून या रेषा नव्या नकाशावर उतरवून मागणं, हे सायकल क्लबांना रविवारच्या रॅलीपेक्षा जास्त उपयोगाचं काम आहे. मुदत संपल्यावर ते मागता येत नाही.

आणि वाट मिळाली, काँक्रीट झालं, दिवे लागले, तरी एक काम उरतं ज्याचं शीर्षक कुठल्याच अंदाजपत्रकात नसतं. मोकळ्या प्लॉटलगतच्या वाटेवर पहिल्या पावसानंतर वेडी बाभूळ येते. तिचा काटा सायकलच्या टायरमधून सरळ ट्यूबमध्ये जातो, आणि आठवड्यात दोन पंक्चर झाली की पोरगी पुन्हा मुख्य रस्त्याने जायला लागते. दिवाळीच्या आत एकदा आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी एकदा, वाटेच्या दोन्ही बाजूंना मीटरभर बाभूळ मुळासकट काढायची आणि तोडलेल्या फांद्या वाटेवर न टाकता उचलून न्यायच्या, एवढं प्रभागाच्या सफाईच्या कंत्राटात लिहून घ्यावं.